खुरूज लागला, व्हिसा नाही

गाव सोडलं तेव्हा अम्माने माझ्या उजव्या दंडावर इमाम जामीन बांधला. हिरव्या कापडात शिवलेलं एक नाणं आणि दंडाभोवती त्याची गाठ. प्रवासाला निघणाऱ्याला ते बांधायचं, सुखरूप पोहोचल्यावर त्याने सोडायचं आणि नाणं एखाद्या गरजूला द्यायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या घरापुढे जीप उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अम्माने गाठ दाताने ओढून घट्ट केली. म्हणाली, "पोहोचल्याशिवाय सोडू नको. खाज सुटली तरी नको."

जेद्दाच्या विमानतळावर बाहेर पडताच मी ती सोडली आणि नाणं झाडू मारणाऱ्या एका बांगलादेशी माणसाच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "भाई, ये तो इंडिया का है. इधर मैं इसका क्या करूँ?" मग हसला आणि खिशात टाकलं. माझं स्थलांतर तिथे पूर्ण झालं, असं मी समजत होतो.

त्याआधी मी रत्नागिरीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आमचे संपादक बातमीतून एक शब्द न चुकता खोडत: 'बहुधा'. "माहीत असेल तर लिहा, नसेल तर फोन करा," असं म्हणत. जेद्दात एका बांधकाम कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात नोकरी मिळाली. बातम्या सुटल्या, सवय राहिली.

शबानाशी लग्न जेद्दात आल्यावर झालं. तिचे आईवडील आमच्याच पंचक्रोशीतले, पण ती जन्मली जेद्दात. वडिलांचं अल अझीझियात शिलाईचं दुकान होतं. आमच्या लग्नानंतर ते थकले, दुकान बंद करून गावी परतले आणि तिथेच वारले. शबाना राहिली, आधी वडिलांच्या इकाम्यावर, मग माझ्या. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो नोकरीला बांधलेला असतो आणि बायकामुलांचा परवाना त्या परवान्याला. तिला जेद्दातली प्रत्येक गल्ली ठाऊक होती, अरबी दुकानदारांशी ती त्यांच्याच बोलीत घासाघीस करायची. पासपोर्ट मात्र भारताचा. ती म्हणायची, "जन्मले तिथे पाहुणी, आणि पासपोर्ट ज्या देशाचा तिथे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जाते. कधी जाणार, असं जिथे कुणी विचारत नाही, असं एक ठिकाण मला हवंय."

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची लॉटरी या वाक्यातून आमच्या घरात आली. भारतात जन्मलेल्यांना त्या लॉटरीत भाग घेता येत नाही. पण तिथे जन्माचा देश पाहतात, पासपोर्टाचा नाही. जेद्दाने शबानाला नागरिकत्व कधी दिलं नव्हतं. तिथल्या जन्मदाखल्याने लॉटरीत जागा दिली. तिने अर्ज भरला आणि नंबर लागला. मी आणि आमची अकरा वर्षांची झोया तिच्या मागे जोडलो गेलो. माझ्या इकाम्यावर ती इतकी वर्षं राहिली होती. आता तिच्या नंबरावर आम्ही राहणार होतो, आणि ही गोष्ट ती दिवसातून एकदा तरी मला ऐकवायची.

नंबर लागणं म्हणजे व्हिसा मिळणं नव्हे. नंबर लागलेले जास्त असतात, व्हिसे कमी. मुलाखत व्हावी लागते आणि सप्टेंबरअखेर पासपोर्टवर व्हिसा उमटावा लागतो. त्यानंतर नंबर रद्द. पुढच्या वर्षी तो चालत नाही आणि अपील नसतं. आम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इथे 'बहुधा' नव्हतं.

मुलाखतीचं पत्र वसंतात आलं. गावाहून एक कुटुंब मक्केला उमऱ्याच्या यात्रेसाठी आलं होतं. मदिनेला जाण्याआधी ते आमच्याकडे जेवायला थांबले आणि अम्माने पाठवलेलं पुडकं दिलं. आत आंब्याची साठं होती आणि तीन इमाम जामीन. सोबत तोंडी निरोप: "निघताना बांधा." झोयाने आपला दप्तराला बांधला. मी माझा सुटकेसमध्ये ठेवला. शबानाने मुलाखतीसाठी रियाधला निघतानाच दंडावर बांधून घेतला. मी म्हणालो, "अजून तर परत यायचंय." ती म्हणाली, "आपण निघालो. परत यायचं ते फक्त सामान घ्यायला."

रियाधला खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने कागद पाहिले, झोयाला आवडता विषय विचारला आणि पासपोर्ट ठेवून घेतले. कागद ठीक आहेत, व्हिसा काही आठवड्यांत होईल, कळवू, असं सांगितलं. त्या आठवड्यांना त्याने आकडा दिला नाही. माझ्या तेव्हाच लक्षात आलं, पण शबानाचा चेहरा पाहून मी विचारलं नाही.

जेद्दात परतल्यावर कोयाभाईंनी मिठाई मागितली. कोयाभाई आमच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे सगळ्यांची सरकारी कामं करणारे. मूळचे मलबारचे. माझा करार संपत आला होता, इकाम्याचे थोडेच महिने उरले होते आणि माझ्या जागी माणूसही नेमला गेला होता. मिठाईचा डबा हातात घेऊन ते म्हणाले, "मुबारक हो. तुम्हारा तीनों का खुरूज भी मैंने निकाल दिया. बार बार ऑफिस का चक्कर क्यों?"

खुरूज निहाई म्हणजे कायमचं निघून जाण्याचा शिक्का. तो लागला की दोन महिन्यांत देश सोडायचा. आखातात वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तो एकच गोष्ट सांगेल: पुढचा व्हिसा हातात येईपर्यंत खुरूज लावू नये. कोयाभाई ते इतरांना सांगत आले होते. आमच्या बाबतीत आनंदात विसरले. मी त्यांना सांगितलं की व्हिसा आलेला नाही, आणि पासपोर्टही दूतावासात आहेत. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "पासपोर्ट उधर है? या अल्लाह. फिर तुम लोग जाएगा कैसे?"

खुरूज रद्द करता येतो, पण त्यासाठी कंपनीने इकामा पुढे चालवायला हवा. कंपनीने नकार दिला. कोयाभाई मोठ्या साहेबांच्या दाराशी तीनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा रडून आले.

त्याच आठवड्यात पहिली घोषणा झाली. काही देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी. यादीत भारत नव्हता. शबाना ज्या शाळेत शिकवायची, तिथली तिची सहशिक्षिका आमना सुदानची होती. तिचाही नंबर लागला होता, आणि सुदान यादीत होतं. शबाना तिला फोन करायला उचललेला मोबाइल पुन्हा पुन्हा खाली ठेवत होती. शेवटी आमनाचाच फोन आला. ती म्हणाली, "माझं खलास. तुझं होऊ दे. निदान एकीने तिथलं थंड पाणी प्यावं."

आमचं होईल या हिशेबाने आम्ही सामान विकलं. खुरूज लागलेला होता, विकावंच लागणार होतं. सोफा गेला, फ्रिज गेला, कपडे धुण्याचं मशीन समोरच्या फ्लॅटमधल्या हैदराबादी आपांनी घेतलं. मग व्हिसा येईना, कपडे साठले, आणि शबाना बादली घेऊन त्यांच्या दारात उभी राहू लागली. आपा म्हणायच्या, "आओ आओ, मशीन तुम्हारीच है. शरमाना नक्को." आम्ही जमिनीवर गाद्या टाकून झोपत होतो. भिंतीवर कॅलेंडराची खूण होती, कॅलेंडर पॅक झालं होतं.

झोयाच्या वर्गाने तिला निरोप दिला होता. केक, सह्या केलेला टी-शर्ट, सगळं. त्यानंतरही ती रोज शाळेत जात होती. मुलं तिला 'अमेरिका' म्हणून हाक मारू लागली. "ए अमेरिका, फ्लाइट मिस हुई क्या?" एकदा जेवताना तिने ताट बाजूला केलं. "अब्बा, आर वी गोइंग ऑर नॉट? जस्ट टेल मी." मी म्हणालो, "बहुधा." इतक्या वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा वापरला.

दूतावासाच्या ईमेलला उत्तर यायचं. दर वेळी तेच: आपलं प्रकरण प्रक्रियेत आहे. मग दुसरी घोषणा झाली. या लॉटरीचे व्हिसे देणंच पुढील सूचनेपर्यंत थांबवलं. आता यादीत असणं-नसणं सारखंच होतं. काही लोक कोर्टात गेल्याच्या बातम्या होत्या. बंदी उठेल, असं एक वकील टीव्हीवर म्हणत होता. कधी, ते तो म्हणत नव्हता.

आमच्यापुढे दोन घड्याळं होती. पासपोर्ट दूतावासात ठेवले तर बंदी उठताच व्हिसा मिळण्याची शक्यता होती. पण खुरूजची मुदत उलटली असती आणि आम्ही जेद्दात बेकायदा ठरलो असतो. पासपोर्ट परत मागितले तर वेळेत बाहेर पडता आलं असतं; पण मग बंदी उठली तरी रांगेत मागे. मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. शबानाने कागद वाचलाही नाही. म्हणाली, "परत मागा. मी या शहरात चोरासारखी राहणार नाही. इथे जन्मले आहे मी."

पासपोर्ट कुरियरने आले. व्हिसाची पानं कोरी होती. सोबत चिठ्ठी: प्रकरण बंद केलेलं नाही. सप्टेंबर अजून लांब होता.

विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या तरुण शिपायाने आधी माझे, मग झोयाचे ठसे घेतले. शबानाचा पासपोर्ट उघडून तो थांबला. जन्मस्थान वाचलं. तिच्याकडे पाहून म्हणाला, "इंती बिन्त जिद्दा." तू तर जेद्दाची लेक. ती म्हणाली, "ऐवा." होय. त्याने जन्मस्थानाच्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग पडद्यावर कळ दाबली आणि पासपोर्ट सरकवला. "यल्ला, मा सलामा." चल, सुखरूप जा. विमानात ती खिडकीशी बसली. शहराचे दिवे दिसेनासे होईपर्यंत तिने डोकं वळवलं नाही. मी गाव सोडलं तेव्हा अम्मा दारात उभी होती. शबानाच्या मागे कुणी उभं नव्हतं, शहरच होतं.

गावात लोक दारावरून जाताना विचारत, "किती दिवस हाव?" किती दिवस आहात, असं सुट्टीवर आलेल्यांना विचारतात तसंच. शबाना हसून सोडून द्यायची. इमाम जामीन तिच्या दंडावर होता. पावसाळ्यात तो ओला व्हायचा, वाळायचा, हिरव्याचा राखाडी झाला. अम्माने तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. सोड म्हणाली नाही. तिच्या हिशेबाने प्रवास चालू होता.

कोर्टाचा एक निकाल आला, त्यावर स्थगिती आली. मी दररोज ईमेल उघडत होतो. झोयाला दापोलीच्या शाळेत घातलं होतं, तात्पुरतं, असं तिला सांगून. महिनाभरात ती घरी येऊन अम्माशी भांडू लागली ते मराठीत. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं: मुदत संपल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. मी शबानाला मोबाइल दाखवला. तिने वाचलं, परत दिला आणि चुलीवरचं दूध उतरवलं.

तुम्हा वाचणाऱ्यांतले जे अमेरिकेला पोहोचले, त्यांना हे जुनं वाटेल. जे अजून थांबले आहेत, त्यांना धीर देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. पूर्वी घर म्हणजे मी सोडलेलं गाव असं मी लिहिलं असतं. आता ते तितकं सोपं नाही. या घरात माझी परत येण्याची जागा आहे आणि शबानाची येण्याची. दोन्ही एकाच छपराखाली आहेत, इतकं मी खात्रीने सांगू शकतो.

ते उत्तर आल्यावर चार दिवसांनी जेद्दाहून आपांचा फोन आला. बातम्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नसाव्यात. स्पीकरवर त्यांचा आवाज ओटीभर झाला. "अरे, इत्ते महिने हो गए, फोन नै कुछ नै. पहुँच गए क्या तुम लोगां?"

शबाना अम्मासमोर कोळंबी सोलत होती. तिने हात पुसले.

"हाँ आपा," ती म्हणाली. "पहुँच गए."

बातमीत 'कुठे' हे यायलाच हवं, असं आमचे संपादक सांगत. आपांनी ते विचारलं नाही, शबानाने सांगितलं नाही. फोन ठेवून तिने बाही वर सरकवली आणि दंड अम्मापुढे केला. गाठ आवळून दगड झाली होती. अम्माने नखाने प्रयत्न केला, मग दाताने. शेवटी विळी जवळ ओढली.