झेरॉक्सवरच्या दोन निळ्या रेघा

"कायकू?"

कुणी आधार कार्ड पुढं केलं की झेरॉक्सवाले चाचा ते हातात घ्यायच्या आधी एवढंच विचारायचे. उत्तर मिळालं की मशीन चालायचं. मग प्रतीवरच्या फोटोवरून निळ्या शाईच्या दोन तिरक्या रेघा आणि मध्ये मोत्यासारख्या अक्षरात 'फक्त गॅस जोडणीसाठी', खाली तारीख. म्हणजे तो कागद दुसऱ्या कुठल्या कामाला कुणी वापरू नये. बिघडलेल्या प्रती ते बादलीत भिजवून त्यांचा लगदा करायचे.

शुक्रवार पेठेत आमची दुकानं समोरासमोर. माझं मशीन नवं, रंगीत, वर पंखा. तरी रांग त्यांच्याकडं. खरं सांगतो, मी जळायचो. त्यात त्या 'कायकू'मुळं कुणाची सोयरीक ठरली, कुणाची बदली झाली, सगळं आधी त्यांना कळायचं. माझ्याकडं बातमी शिळी होऊन यायची. हे दुःख तुम्हाला समजेल.

"लगदा झाला का चाचा? पापड लाटा आता."

"पयला तुमालाच पाठवतो की."

माझ्या बिघडलेल्या प्रती मी कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला द्यायचो. बदल्यात तळलेल्या मिरच्या मिळायच्या.

एका दुपारी चाचा पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आले. माझ्या काउंटरवर त्यांनी एक तेलकट कागद तळव्यानं सपाट केला. तेलात माझ्या बायकोचा फोटो, पत्ता, आधारचा सगळा नंबर. त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या एकाच्या नावावर कुणीतरी सिम काढून लोकांना फसवलं होतं. तो बिचारा चौकीत खेटे घालत होता.

"भाभीचं हाय," चाचा हळूच म्हणाले. "कायकू?"

मी कागद घाईघाईनं घडी करून खिशात कोंबला. त्यांच्या जागी मी असतो तर तो कागद अख्ख्या पेठेला दाखवला असता. त्यांनी चहावाल्यालाही सांगितलं नाही. मला तेच जास्त झोंबलं. बायकोला मीच सांगितलं आणि पस्तावलो. ती त्यांच्याकडं जायला लागली.

"घरचं मशीन असताना?"

"त्याच्या प्रतींना भज्याचा वास येतो."

गेल्या वर्षी चाचांचे गुडघे थकले, ते दुधनीला लेकीकडं गेले. त्यांचं मशीन मीच घेतलं. ट्रेमध्ये त्यांच्याच आधारची एक प्रत राहिली होती. मी हरखलो. अखेर चाचा चुकले तर. बायकोला हाक मारणार, तेवढ्यात नीट पाहिलं. दोन निळ्या रेघा, मध्ये तेच अक्षर: 'फक्त दुकानाचं मीटर बंद करण्यासाठी'.

हल्ली माझ्याही दुकानात बादली असते. ती प्रत दोनदा पाण्यावर धरली आणि दोन्ही वेळा परत खणात ठेवली.

कायकू, ते मला विचारू नका.