तिच्या ओठांवर माझी बोली

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. शेजारणीच्या अंगात यायचं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसायचे. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात, तर माझी तक्रार नाही.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना, नागपूर. गोळीबार चौकाच्या मागे आमचं घर आणि घरातच हातमाग. आम्ही कोष्टी. मागाच्या खटखटीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी आणि नवरा एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. तो मागावर, मी समोर सुताच्या कांड्या भरत बसलेली... मला कशाचीही धास्ती वाटली की त्याचे ओठ ठरलेलंच बोलायचे — "काहून भेते वं? मी आहो ना."

तो तापाने गेला तेव्हा मला आठवा महिना होता. 'मी आहो ना' म्हणणाराच गेला!

मुलगी झाली ती एका मिशनच्या दवाखान्यात. मी भिंतीकडे तोंड करून पडले. आई उशाशी बसून रडायची, "घे वं तिले, दूध पाज." पण हात उचलवतच नव्हता. खोटं कशाला सांगू, पोरीचं रडणं मला दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटायचं. बाटली ती तोंडात धरेना. डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं; आई परत आली ती "लेकरू वाचत नाही म्हनते वं" म्हणतच. मला सगळं कळत होतं, करता काहीच येत नव्हतं.

तिथे केरळची एक सिस्टर होती. मराठी अजिबात नाही, हिंदीही मोडकीतोडकी. त्या दुपारी खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून ती माझ्या खाटेपाशी आली आणि मुलीला उचलून उभी राहिली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी भिंतीकडून मान वळवली आणि सवयीने वाचत गेले...

"काहून भेते वं? मी आहो ना. उठ, लेकराले घे."

अगदी त्या 'वं'सकट!

मी उठले. मुलीला घेतलं. ती प्यायला लागली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मी हमसून हमसून रडले.

संध्याकाळी सिस्टरला विचारलं, "दोपहर को आप क्या बोले?"

ती घाबरलीच. "प्रेयर किया. अपना भाषा में."

"फिर से बोलो."

तिने मल्याळीत पुन्हा म्हणून दाखवलं. मी एकटक तिच्या तोंडाकडे बघत होते. ओठांची एकही हालचाल जुळत नव्हती.

"मतलब?"

ती ओशाळून म्हणाली, "मैं बोली, प्रभु, मेरे से कुछ नहीं होता. इसका भाषा मेरे को नहीं आता. तू बोल इसको."

नवरा काही परत आला नाही. माग बंद पडला तो पडलाच. पुढे मी रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसू लागले, नातेवाइकांनी तोंडावर नावं ठेवली. भीती अजूनही वाटते. वाटली की तेच तीन शब्द धरून बसते.

मुलगी आता मोठी झालीय, शिकलेली आहे. म्हणते, "आई, तुले भास झाला असन."

असेल बाई. पण तू उपाशी होतीस, मला उठता येत नव्हतं... आणि मी उठले.