तोंड उताराला

"मी आपली यष्टीनंच जाते," असं म्हणत मॅडमच्या आई पिशवी घेऊन उठल्या, तेव्हा गाडीच्या तापमानाचा काटा तिसऱ्यांदा लाल रेघेवर गेला होता.

आखाडा बाळापूरला माझं गॅरेज आहे. गाडी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. बँकेतल्या मॅडमनी हौसेनं घेतलेली. त्या दिवशी त्यांना आईला त्याच गाडीतून साखऱ्याला, आईच्या माहेरी न्यायचं होतं. आई आधीच नाखूश. आज यष्टीनं गेल्या तर पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाहीत, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं.

मी होज पाईप बदलून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, नवं भरलं होतं. भरताना आत हवा राहिली की पाणी फिरत नाही. याला आम्ही एअर लॉक म्हणतो. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, हवा बुडबुडे होऊन निघून जाते. रोजचंच काम. पण इथं इंजिन तापत होतं आणि त्याच गरम पाण्यावर चालणारा हीटर थंडगार वारा फेकत होता. म्हणजे हवा आतच. तीस वर्षांच्या अनुभवानं एवढंच सांगितलं, पुढचं नाही. तापून इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, गेलं तर एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट मिळणार नव्हता. मला स्वतःचाच राग येऊ लागला.

गरम झाकण उघडलं तर तोंड भाजतं, म्हणून थांबणं आलं. मी आईंना चहापुरतं बसवलं. त्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "भावाच्या शेतातली पाईपलाईन बी अशीच हवा धरते. मिस्त्री, तुमी हवा कुठून काढून राहिले?"

मी गाडीच्या नाकाजवळचं झाकण दाखवलं.

"ते तर समद्यात खाली हाय. हवा काहून खाली येईल? आमी हवा सोडाया टेकाडावर कॉक बसवलाय."

मी चहा खाली ठेवला. माझं अंगण रस्त्याकडे उतरतं. इकडच्या निम्म्या गाड्यांची बॅटरी मेलेली, म्हणून येईल ती गाडी मी तोंड उताराला करूनच लावतो. ढकलली की चालू. जीप-ट्रॅक्टरचा रेडिएटर उंच, त्यांचं निभून गेलं. या गाडीचं नाक मुळातच जमिनीला लागलेलं, त्यात उतार. झाकण खाली, इंजिन वर, आणि हवा वरच्या मजल्यावर आरामात.

गाडी थंड झाल्यावर फिरवली. नाक चढाकडे केलं, पुढच्या चाकांखाली फळ्या घातल्या, झाकण काढून इंजिन चालू केलं. बुडबुडे यायला लागले ते थांबेचनात. पाणी खाली जाईल तशी भर घालत गेलो. हीटरचा वारा गरम झाला, काटा मध्यावर थांबला. मला खरंच फार बरं वाटलं.

तोवर यष्टी येऊन गेली होती. आई पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. "लई खाली हाय," एवढीच तक्रार.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. काटा हलला नव्हता. साखऱ्याची शीव लागताच आईंनी काच खाली करायला लावली होती, आणि गाडी हळू घ्यायला सांगितली होती.

गाड्या मी अजूनही उतारालाच लावतो. पाणी भरायचं असलं की मात्र आधी फिरवतो.