झिऱ्याच्या वर धरलेली झेंडी

१९७४ साली जाफराबादजवळच्या काळ्या टेकड्यांची राखीव जंगलासाठी मोजणी निघाली. बौद्धवस्तीतल्या गोजरबाईला झेंडी धरायचं काम मिळालं. एरवी ती शेतमजुरी करी. टेकडीचा दगडन् दगड तिच्या पायाखालचा.

मोजणीदार बद्रीनाथ समोरच्या उंचवट्यावर तिपाईवर फळी मांडत, तिच्यावर कागद लावत आणि पट्टीवरून झेंडीचा नेम धरून रेघ ओढत. "ही अख्खी टेकडी ज्वालामुखीतून वाहत आलेला दगड आहे," त्यांनी तिला सांगितलं होतं. "आणि बाई, तुमची झेंडी जिथं, तिथं जंगलाची हद्द."

पहिलं ती हसण्यावारी घेऊ शकली. दुसरं ऐकून तिनं पायाखाली बघितलं. झेंडी धरायला आखलेली चुन्याची खूण झिऱ्याच्या खाली होती. म्हणजे झिरा जंगलात गेला, आणि साऱ्या वस्तीचं पाणी तिथूनच.

पहिली रेघ ओढून साहेब त्याच खुणेवर दुसऱ्या बाजूनंही रेघ ओढायला फळी हलवू लागले, तशी ती झेंडी घेऊन झिऱ्याच्या वर चढली. तिथंच झेंडी धरून ती उभी राहिली.

साहेबांनी नेम धरला. परत धरला. मग शिट्टी वाजवून तिला बोलावलं.

मधला ओढा उतरून पलीकडे चढेपर्यंत तिच्या मनात नको नको ते आलं. मजुरी जाईल. पोलीस येतील. वस्तीलाच बोल लागेल.

"रेघा जुळत नाहीत," साहेब म्हणाले. "खुणेवरच होतात ना?"

"न्हाई साहेब. म्या सरकले."

"का?"

"झिरा आत जाऊन राह्यलाय. मंग बायांनी पाणी कुठून आणायचं?"

साहेब रागावले. दिवस वाया गेला होता. त्यांनी कागदावरची चुकीची रेघ खोडली.

"हद्द मला हलवता येत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण पाण्याला जायची आहे ती वाट नकाशात दाखवणं माझं काम आहे. चला."

झिऱ्यापर्यंत साखळी टाकून त्यांनी वाट मोजली, कागदावर तुटक रेघ काढली आणि तिच्या कडेला 'पाणवाट' असं लिहिलं.

"वरचे साहेब ठेवतील का हे?"

"सांगता येत नाही."

तो उन्हाळा गोजरबाईनं धास्तीत काढला. रोज सगळ्यांच्या आधी जाऊन ती वाट मोकळी आहे का बघून येई. हिवाळ्यात हद्दीचे दगड रोवले, तेव्हा वाटेपुरती जागा मोकळी सोडली होती. जंगलाचा रखवालदार बायांना म्हणाला, कळशी घेऊन या, विळा आणू नका.