शेवटची भट्टी

परवा एका घरी लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधलेला फडक्याचा दादरा सोडला आणि मला आमची शेवटची भट्टी आठवली. कमठाण्याजवळ आजोबांनी काढलेल्या कारखान्यात चिनी मातीच्या बरण्या व्हायच्या. प्लास्टिक आलं, मागणी आटली, तेव्हा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, कारखाना बंद करायचं ठरवलं. शेवटची भट्टी उघडली, तर एकाही बरणीला तडा नव्हता. काका हरखून आपल्या थोरल्या भावाला, अप्पांना, म्हणाले, "अण्णा, असा माल कधी निघाला न्हाई. अजून एक भट्टी लावू की!" अप्पा कोमट बरणीवरून हात फिरवत राहिले. "न्हाई. बास झालं आता." त्यांनी कामगारांना एकेक बरणी घरी न्यायला सांगितली. माणसं बरण्या पोटाशी धरून निघून गेली. कोणी रडलं नाही. पुढं अप्पा गेले, तेव्हाही मी तसाच कोरडा उभा होतो.