सुतकातली शाळा

शाळेच्या नव्या ओट्यावर आम्ही नवराबायकोनं बाजरी वाळत घातली होती. सांजेला ती भरली. तिनं गोणीचं तोंड धरलं, मी घमेल्यानं ओतत गेलो.

"अवो, गोणीत टाका, माझ्या पदरात नका," म्हणाली. मग दाराच्या कुलपाकडं बघून, "एवढी शाळा बांधली ती काय खळं करायला?"

त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली. तालुक्याला नेईपर्यंत संपलं.

शाळेची जागा आमचीच. वस्तीवरची पोरं गुरुजींपुढं मारुतीच्या मंडपात बसायची, म्हणून जागा द्यायचा हट्ट तिचा. शहरातल्या एका संस्थेनं पत्रे, सिमेंट दिलं. ओढ्यातला दगड आम्ही वाहिला, भिंतींना पाणी बायांनी मारलं. स्वस्तात दोन खोल्या उभ्या राहिल्या. दसऱ्यानंतर वस्ती ऊसतोडीला जाते, पोरंही जातात, आणि येतात ती अक्षर विसरून. तिनं घरोघर सांगितलं होतं, पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवा, दुपारची भाकरी मी टाकते. आया कबूल झाल्या, पण ट्रक यायच्या आधी शाळा चालू झालेली दिसली पाहिजे म्हणाल्या.

आणि शाळेला कुलूप. फळासुद्धा लागलेला. फीत कापायला पुढारी पाहिजे, पुढाऱ्याला सवड पाहिजे. आमच्याकडं फितीशिवाय मुतारी उघडत नाही.

मयताला सगळे आले. सरपंच जवळ बसून लई हळू बोलला. पुढाऱ्याची परवाची तारीख मिळाली होती, पण जागा देणाऱ्याच्याच घरात सुतक, तेव्हा कार्यक्रम तेराव्यानंतर. मी म्हणालो, तोवर ट्रक पोरं घेऊन गेलेले असतील, फीत कुणापुढं कापता?

"बाबा, शाळेला नाव त्यांचंच देऊ," तो म्हणाला.

माणसांनी माना डोलावल्या. तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. पोरं थांबावीत म्हणून ती झटली, आणि पोरं घालवायला तिचंच मरण यांच्या कामी आलं.

शेजारच्या सुनेनं डोळे पुसत सांगितलं, "आत्या गेल्या. आता पोरीला भाकरी कोण घालंल? न्यावंच लागंल." तिचं बोचकं बांधून तयार होतं.

भावकीनं मला बजावलं, सुतकात घर सोडू नका, नव्या वास्तूला तर शिवूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन गेलो आणि कोयंडा उपटला. दोन्ही खोल्यांत फिरलो, भिंतींना हात लावला. गुरुजी लांबच उभे होते. त्यांना म्हणालो, "सुतक मला हाय, पोरांना न्हाई. आता मी शिवलोय, पुढारी काय यायचा न्हाई. भरवा शाळा."

तिथून शेजारच्या सुनेच्या दारात गेलो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, भावकी भाकरी आणून देते. म्हणालो, माझ्या वाटची येते, त्यात तुझी पोरगी जेवंल. पुढचं पुढं बघू.

ती बोचक्याची गाठ चाचपत राहिली. मी पोरीचा हात धरला आणि शाळेकडं निघालो.