दाजींनी न सांगितलेलं घर

दाजी कुणाच्याही अंगणात आले की आधी एकच विचारत, "काल घरात कोन जेवला नाय?" ख्यालीखुशाली नंतर. ते लोकल बोर्डाचे देवी टोचणारे. पण टोचणीची पेटी बरोबर नसली, गावात साथ नसली, तरी दर आठवड्याला पालीच्या बाजारावरून परतताना आमची वाडी घरोघर फिरत. कुणी ताट ढकललं हे त्यांना माझ्या आईच्या आधी कळे.

"साथ नसताना कशाला ही वणवण?" मी एकदा शहाणपणा केला. तेव्हा मी तेविशीतला, सातवीची फायनल पास, म्हणजे वाडीतला विद्वान.

"साथ आल्यावर इचारायला कशाला लागतंय? रडन्यावरनंच समजतं."

एका शिमग्याला माझा चुलतभाऊ मुंबईहून बोटीने आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. नेमकी त्याच दुपारी ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात यायची होती. दाजींना कळलं असतं तर त्यांनी विहीर बंद केली असती आणि पालखी आमचं घर टाळून पुढे गेली असती. देव वर्षातून एकदा दारी येणार, तो परत कसा पाठवायचा? काकूने भावाला माजघरात निजवलं, त्याची वाकळ विहिरीच्या काठावर धुतली आणि दाजी येताना दिसले तसं मला पुढे केलं. घरात खोटं बोलायचं खातं माझ्याकडे असे. चेहरा जन्मतः भोळा, त्याचा तेवढाच उपयोग.

"सगळे जेवले, दाजी. मी तर दोनदा."

ते हसले आणि पुढच्या घरी गेले.

पालखी अंगणात नाचली. घामाघूम झालेल्या सगळ्यांना काकूने त्याच विहिरीचं गूळपाणी दिलं.

दोन दिवसांत वाडीत पटकी पसरली. पालखीला खांदा देणारे गेले, तरणाताठा ढोलवाला गेला, आमची काकू गेली. भाऊ तेवढा वाचला. दाजी एकटे विहिरींत लाल औषध टाकत, उकळलेलं पाणी पाजत फिरत होते. आमच्याकडे आले, भावाचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि मला म्हणाले, "हा कधी पडला?"

मी खरं सांगितलं.

"त्या दिवशी बोलला असतास तर एकच विहीर बंद करून भागलं असतं रे."

साथ ओसरल्यावर देवळात बैठक बसली. ढोलवाल्याच्या बापाने विचारलं, "कोनाच्या घरातनं सुरू झालं? त्याला वाळीत टाकायचा."

"घर सांगनार नाय," दाजी म्हणाले.

"मग तुमच्याच पेटीतनं आलं आसंल."

दाजी गप्प राहिले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. मीही गप्प राहिलो.

त्यानंतर त्यांना कुणी अंगणात येऊ देईना. बोर्डाने त्यांची बदली केली. निघाले त्या दिवशी मी त्यांची वळकटी घेऊन सडकेपर्यंत गेलो. म्हटलं, "माझं नाव घ्यायचं होतंत."

"घेतलं असतं तर पुढच्या साथीला लोक आजारी मानूस माळ्यावर लपवतील. तो माझ्या हाताला लागायचा कसा?" त्यांनी माझ्या खांद्यावरून वळकटी काढून घेतली. "आन तू आता शाळा-बिळा बघ. वाडीतल्या पोरांना कुनीतरी शिकवनारा पायजे."

घरी परतलो तर ढोलवाल्याचा बाप आमच्या ओटीवर बसलेला. "बरं झालं, गेला एकदाचा," तो म्हणाला.

मी मान हलवली, आणि आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं.